पोटॅशियम ७.८ चा फोन आला तेव्हा बाबा घरी जेवत होते

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तक्रारीचं काम त्यांच्याकडे अजून पूर्ण मिटलेलं नाही आणि जे आमच्यासोबत झालं ते दुसऱ्या कुठल्याही लॅबमध्ये होऊ शकतं असं मला आता पक्कं वाटतंय. मुंबईतलंच आहे, ट्रस्टचं, तळमजल्यावर त्यांची स्वतःची लॅब आहे. आम्ही लालबागला राहतो, बाबा ७२ वर्षांचे, बेस्टच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, बीपीची टेल्मिसार्टन गोळी चालू, बाकी तब्येत ठणठणीत, रोज सकाळी दूध आणायला स्वतः तीन जिने उतरून जातात. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, आणि गेली चार वर्षं आम्ही याच लॅबमध्ये करतोय. म्हणजे हा एका वाईट दिवसाचा रिव्ह्यू नाही, चार वर्षांच्या गिऱ्हाइकाचा आहे.

आधी त्या दिवशी काय झालं ते सांगते कारण बाकी सगळं त्यावरच आहे.

सकाळी सव्वासातला पोचलो, टोकन ४१. कलेक्शन रूममध्ये तीन खुर्च्या आहेत पण माणूस एकच होतं, एक लहानखुरी मुलगी, बावीस-तेवीसची असेल. बाहेर सत्तरएक माणसं, उपाशीपोटी आलेली, त्यामुळे चिडलेली. आत आडनावाने हाक मारतात, आणि आमचं आडनाव कोकणात दर दोन घरांआड सापडतं त्यामुळे हाक मारली की दोघं उठले, बाबा आणि अजून एक गृहस्थ. टोकन बघून मिटलं ते, पण तेव्हाच मला जरा खटकलं होतं.

बाबांची नस पटकन सापडत नाही, नेहमीचं आहे. तिने रबरी पट्टा बांधला, मूठ उघड-बंद करा काका म्हणाली, बाबा करत राहिले, सुई टोचली, रक्त नाही. पट्टा सोडला, दुसऱ्या हाताला बांधला, परत टोचली. तेव्हा मी बोलले, "अगं किती वेळा टोचणार, म्हातारं माणूस आहे." हे वाक्य मी बोललेय आणि ते इथे लिहायलाच हवं. सिरिंजमध्ये रक्त जेमतेम आलं. तिने आधी जांभळ्या झाकणाची ट्यूब भरली, मग पिवळ्या झाकणाची, पण पिवळीत तळाला थोडंसंच पडलं. तिने दोन्ही ट्यूब ट्यूबलाइटच्या उजेडात एकमेकींशेजारी धरून बघितल्या, दाराकडे एकदा बघितलं जिथे पुढचा टोकनवाला आत डोकावत होता, मग जांभळीचं झाकण अंगठ्याने उडवलं आणि त्यातलं थोडं रक्त पिवळीत ओतलं. दोन-तीन सेकंदांचं काम. झाकणं लावली, दोन्ही ट्यूब दोनदा उलट्यापालट्या केल्या, स्टिकर चिकटवले आणि ट्रेमध्ये ठेवल्या. मी बघत उभी होते आणि मला त्यात काहीच गैर वाटलं नाही. एकाच माणसाचं रक्त, एकाच हातातून काढलेलं, या बाटलीतलं त्या बाटलीत गेलं तर काय बिघडलं? मला वाटतं हे वाचणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हेच वाटेल.

दुपारी एकच्या सुमारास लॅबमधून फोन. बाबा समोर बसून आमटी-भात जेवत होते. फोनवरचा माणूस म्हणाला पेशंटचं पोटॅशियम ७.८ आलंय, ३.५ ते ५.१ पाहिजे, हार्ट बंद पडू शकतं, आत्ताच्या आत्ता कॅज्युअल्टीत घेऊन या. मी बाबांकडे बघितलं, ते लोणच्याची फोड बाजूला करत होते. ताटावरून उठवलं त्यांना. बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि जिने उतरताना मी प्रत्येक पायरीला त्यांचा दंड धरून ठेवला होता, ते म्हणत होते अगं मला काही होत नाहीये, सोड. टॅक्सीत मी त्यांच्या मनगटावर नाडी बघत होते, मला नाडीतलं काही कळत नाही तरी.

कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही हे आधीच सांगते. ईसीजी काढला, नॉर्मल. पण पोटॅशियम एवढं असूनही ईसीजी कधीकधी नॉर्मल येतो आणि मग अचानक बिघडतं, त्यामुळे थांबता येत नाही, आणि टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढतं हे खरंच आहे, त्यामुळे कागदावर सगळं जुळत होतं. परत एक सॅम्पल काढलं लॅबला पाठवायला आणि तेवढ्यात उपचार सुरू केले. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून, नेब्युलायझर, आणि ग्लुकोजसोबत इन्सुलिन १० युनिट. इन्सुलिन पोटॅशियमला रक्तातून पेशींच्या आत ढकलतं, म्हणून देतात. बाबांना डायबेटिस नाही. आयुष्यात कधी इन्सुलिन घेतलेलं नाही.

साधारण तासाभराने बाबा गप्प झाले. ते बडबडे आहेत, शेजारच्या बेडवरच्या माणसाला वर्कशॉपचे किस्से सांगत होते आणि वाक्य मधेच सोडलं. कपाळावर घामाचे थेंब, बनियन पाठीला चिकटलेलं, हात थरथरत होते, आणि मला म्हणाले "तुझी आई कुठंय?" आईला जाऊन सहा वर्षं झाली. मी ओरडले. ग्लुकोमीटरवर शुगर ४८. परत ग्लुकोज दिलं, दहा मिनिटांत शुद्धीवर नीट आले, पण ती दहा मिनिटं मला अजून रात्री आठवतात.

आता ज्या रेसिडेंट डॉक्टरने हे सगळं पकडलं तिच्याबद्दल. तिशीच्या आतली असेल, ड्युटी बदलून नुकतीच आली होती. बाबा स्थिर झाल्यावर ती कॉम्प्युटरवर सकाळचा पूर्ण रिपोर्ट खालपर्यंत बघायला लागली, नुसतं लाल रंगातलं पोटॅशियम नाही. आणि थांबली. मला विचारलं, आजोबांच्या हातापायाला वांब येतात का, बोटं वाकडी होतात का, तोंडाभोवती मुंग्या? नाही म्हटलं. तर म्हणाली, "यांचं कॅल्शियम ५.२ लिहिलंय. साडेआठच्या वर पाहिजे. ५.२ वाला माणूस असा बसून गप्पा नाही मारू शकत." आणि अल्कलाइन फॉस्फटेज (लिव्हर आणि हाडांसाठी बघतात ते एन्झाइम) ११, जे मागच्या वेळी ८४ होतं. मग तिने मला एकच प्रश्न विचारला, "सकाळी ब्लड काढलं तेव्हा तुम्ही तिथे होतात का? या ट्यूबमधलं त्या ट्यूबमध्ये टाकलं का कोणी?"

माझ्या अंगावर काटा आला.

तिने समजावलं ते असं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए नावाचं रसायन असतं, रक्त गोठू नये म्हणून, सीबीसीसाठी म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायला ते लागतं. ते पोटॅशियमचं मीठ असतं. म्हणजे त्या ट्यूबमधलं रक्त पिवळीत ओतलं की सोबत पोटॅशियम पण ओतलं जातं, बाहेरचं, पेशंटचं नव्हे. आणि हेच ईडीटीए कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं, रक्त न गोठण्याचं कारणच ते, म्हणून कॅल्शियम खाली जातं, आणि अल्कलाइन फॉस्फटेज मोजायला ज्या धातूंची गरज असते ते पण बांधले जातात म्हणून ते पण कोसळतं. पोटॅशियम वर, कॅल्शियम खाली, अल्कलाइन फॉस्फटेज खाली, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की पेशंटकडे बघायच्या आधी ट्यूबकडे बघायचं. म्हणूनच ट्यूब भरायचा क्रम ठरलेला असतो, पिवळी आधी, जांभळी नंतर. आमच्या बाबतीत तर क्रम उलटा झालाच, वर थेट ओतलं.

मग तिने विचारलं दुपारचं दुसरं सॅम्पल, त्याचा रिपोर्ट कुठंय. नव्हता. कारण ते सॅम्पल गेलंच नव्हतं. कॅज्युअल्टीच्या काउंटरवर स्टीलच्या ट्रेमध्ये बाबांची ट्यूब दीड तास तशीच पडून होती, शेजारी कोणाचा तरी चहाचा कागदी कप. लॅब खाली एका मजल्यावर आहे. ती स्वतः ट्यूब घेऊन खाली गेली, त्याआधी धमनीतून थोडं रक्त घेऊन आयसीयूच्या ब्लड गॅस मशीनवर लावलं, तिथे पोटॅशियम काही मिनिटांत कळतं. ४.०. इन्सुलिनने थोडं उतरतं हे धरलं तरी दीड तासात ७.८ चं ४.० होत नाही. आणि अर्ध्या तासाने खालून दुसऱ्या ट्यूबचा रिपोर्ट आला, जी इन्सुलिनच्या आधी काढलेली होती. पोटॅशियम ४.४, कॅल्शियम ९.३. ती ट्यूब वेळेत खाली गेली असती तर निदान पुढचं तरी टळलं असतं.

शुगर पडल्यामुळे रात्रभर आयसीयूत ठेवलं. बिल २१,६००.

आता लॅबबद्दल, जे खरं रिव्ह्यूमध्ये असायला हवं.

चांगलं आहे ते आधी. रेट बाहेरच्या चकाचक लॅबपेक्षा कमी आहेत. रिपोर्ट दुपारपर्यंत मोबाइलवर येतो. धोकादायक आकडा आला की ते फोन करतात, आणि हा फोन करणं हे चांगल्या लॅबचं लक्षण आहे, त्याबद्दल मी त्यांना पूर्ण मार्क देते. बाबांचं पोटॅशियम खरंच ७.८ असतं तर त्या फोनने त्यांचा जीव वाचला असता, हे मी विसरत नाही. एनएबीएलचा शिक्का आहे रिपोर्टवर. हा शिक्का काय असतो ते मी नंतर वाचलं, एनएबीएल ही लॅबना मान्यता देणारी संस्था, क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या खाली येते, आयएसओ १५१८९ या स्टँडर्डप्रमाणे मेडिकल लॅबची तपासणी करते, आपल्याकडे ही मान्यता ऐच्छिक आहे, आणि लॅबला सरसकट मिळत नाही तर टेस्टप्रमाणे मिळते. म्हणजे एकाच रिपोर्टवर काही टेस्ट मान्यतेच्या आत आणि काहींपुढे बारीक फुली मारून खाली लिहिलेलं असतं की ही टेस्ट मान्यतेत नाही. आमच्या रिपोर्टवर अशा दोन फुल्या होत्या, चार वर्षांत मी एकदाही बघितल्या नव्हत्या. पोटॅशियम मात्र मान्यतेच्या आत होतं, त्यामुळे शिक्का बघून मी वेगळं काही करू शकले असते असं नाही.

वाईट. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबच्या काउंटरवर मी दोन्ही रिपोर्ट ठेवले तेव्हा तिथल्या माणसाने रिपोर्टकडे न बघताच सांगितलं, "मॅडम, सगळं फुल्ली ऑटोमॅटिक मशीन आहे, मशीन चुकत नाही." मी म्हटलं मग माझे बाबा चुकले का. तर म्हणे कधीकधी बॉडीत फ्लक्चुएशन होतं. या उत्तराचा मला त्या ७.८ पेक्षा जास्त राग आला. चूक माणसांकडून होते, पण त्यावर असलं काहीतरी ठोकून द्यायचं आणि समोरच्याने गप्प घरी जायचं, हे सहन होत नाही. याचे मी सगळ्यात जास्त मार्क कापते.

मी तोंडी बोलत बसले नाही. साध्या कागदावर मराठीत तारीख-वेळ घालून सगळं लिहिलं, दोन्ही रिपोर्टची झेरॉक्स जोडली, ईसीजीची जोडली, ग्लुकोमीटरच्या आकड्याची नर्सिंग शीटवरची नोंद मागून घेतली, आणि मेडिकल सुपरिटेंडंटच्या ऑफिसात देऊन आवक नंबर घेतला. ज्यांना कधी करावं लागेल त्यांनी आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णांच्या हक्कांची सनद हॉस्पिटलने दिसेल अशी लावायची असते, आमच्या इथे ती आहे, पण कॅश काउंटरमागे, पंख्याच्या वर. आणि हॉस्पिटलची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच सांगून ठेवलंय, त्यामुळे ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मी कागदावर शेवटी लिहून ठेवला होता, धमकी म्हणून नाही, पण मला माहितीये हे त्यांना कळावं म्हणून.

आठ दिवसांनी बोलावलं. क्वालिटी मॅनेजर बाई आणि लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम दोघी होत्या. मी भांडायच्या तयारीने गेले होते, बहिणीला सोबत घेऊन, पण पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी पहिलं वाक्यच बोललं, "रिपोर्ट चुकीचा होता आणि तो माझ्या सहीने गेला." तिथे माझा अर्धा राग गेला. मग त्यांनी त्या दिवसाचा कंट्रोलचा ग्राफ काढून दाखवला. रोज सकाळी पेशंटचे सॅम्पल लावायच्या आधी माहीत असलेल्या आकड्याचं एक सॅम्पल मशीनवर लावतात, आकडा ठरलेल्या रेषांच्या आत आला तरच काम सुरू. त्या सकाळी सगळे ठिपके रेषेत होते. बाहेरून सुद्धा तपासणी होते, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडून दर महिन्याला सॅम्पल येतं, आकडे मोजून त्यांना कळवायचे आणि बाकीच्या लॅबशी ताडून बघायचे, त्यातही ही लॅब पास होती. "मशीनने बरोबरच मोजलं," मॅडम म्हणाल्या, "ट्यूबमध्ये पोटॅशियम ७.८ होतंच. फक्त ते तुमच्या वडिलांचं नव्हतं."

त्यांच्याकडूनच कळलं की हे जगभर असंच आहे. इटलीत पडोवाच्या हॉस्पिटलच्या लॅबने आपल्याच चुका मोजल्या होत्या आणि १९९७ साली छापल्या, ४०,४९० तपासण्यांमध्ये १८९ चुका, आणि त्यातल्या ६८.२ टक्के नमुना मशीनवर चढायच्या आधीच्या. चुकीची ट्यूब, चुकीचं नाव, कमी रक्त, फुटलेल्या पेशी, असलं सगळं. दहा वर्षांनी परत मोजलं तेव्हा एकूण चुका कमी झाल्या होत्या, ५१,७४६ मध्ये १६०, पण आधीच्या टप्प्यातल्या चुका तरीही ६१.९ टक्के. प्रत्यक्ष मशीनच्या टप्प्यातल्या चुका दोन्ही वेळी पंधरा टक्के किंवा त्याहून कमी. म्हणजे लॅब करोडोंचं मशीन काचेमागे ठेवून आपल्याला दाखवते, आणि घोळ होतो तो खुर्चीवर, जिथे सात वाजता सत्तर माणसांसाठी एक मुलगी उभी असते. मी चार वर्षं लॅब निवडताना मशीन, शिक्का, रेट आणि मोबाइलवर रिपोर्ट येतो का एवढंच बघत होते. खुर्चीकडे बघितलंच नाही.

मग मी विचारलं, ठीक आहे, खाली चूक झाली, पण वर कोणीच कसं पकडलं नाही? बाबांचे चार वर्षांचे रिपोर्ट तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये आहेत, पोटॅशियम कायम ४.३, ४.५ च्या आसपास, कॅल्शियम कधी नऊच्या खाली नाही. यावर त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. अशी सोय असते, तिला डेल्टा चेक म्हणतात, मागचा आकडा आणि आजचा आकडा यात फार फरक दिसला की सॉफ्टवेअर रिपोर्ट अडवतं आणि माणसाने बघितल्याशिवाय सोडत नाही. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. पण सारखे अलार्म येतात आणि रिपोर्टला उशीर होतो म्हणून काही टेस्टसाठी बंद ठेवलेली होती. दुपारी एकपर्यंत रिपोर्ट मोबाइलवर, हे मी वर चांगल्या बाजूला लिहिलंय. त्याची किंमत ही होती. माझ्या मते ही त्या मुलीच्या हातून झालेल्या चुकीपेक्षा मोठी चूक आहे कारण ती घाईत झालेली नाही, बसून ठरवून झालेली आहे.

मुलीचं काय केलं हे पण विचारलं. ती कॉन्ट्रॅक्टवरची, एजन्सीतर्फे आलेली, तीन दिवस कोणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकली आणि चौथ्या दिवसापासून एकटी. ट्यूबचा क्रम भिंतीवर छापून लावलेला आहे, इंग्रजीत, तिच्या पाठीमागे. आणि एक गोष्ट तिने लेखी दिली होती जी क्वालिटी मॅनेजरने मला वाचून दाखवली, की पेशंट दुसऱ्यांदा टोचलं की ओरडतात, वर कम्प्लेंट करतात, त्यामुळे तिसऱ्यांदा टोचायची भीती वाटली. त्या ओरडणाऱ्यांत मी होते. मी तिथेच सांगितलं की तिला काढू नका, काढलंत तर उद्या दुसरी मुलगी येईल आणि तीन दिवस शिकून तेच करेल.

हॉस्पिटलने आयसीयूचं आणि औषधांचं बिल परत केलं, १९,८०० चेकने, बाकीचे कॅज्युअल्टीचे चार्जेस धरून ठेवलेत त्याचा पाठपुरावा चालू आहे. दुसरं सॅम्पल दीड तास ट्रेमध्ये का पडलं याचं लेखी उत्तर अजून नाही, तोंडी सांगतात वॉर्डबॉय कमी आहेत. हे मला पटलेलं नाही आणि हे उत्तर येईपर्यंत मी सोडणार पण नाही, कारण उद्या कोणाचं तरी खरंच ७.८ असेल आणि त्याची ट्यूब तिथेच चहाच्या कपाशेजारी असेल.

मधल्या काळात मी जे शिकले त्यातलं तुमच्या कामाचं थोडं सांगते. शुगरसाठी करड्या झाकणाची ट्यूब असते, तिच्यात फ्लोराइड असतं, कारण साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात आणि तासाला साधारण पाच-सात टक्क्यांनी आकडा उतरतो, म्हणजे घरी येऊन रक्त नेणारा मुलगा दहा घरं फिरून लॅबला पोचेपर्यंत तुमची शुगर कागदावर सुधारलेली असते. मूठ सारखी उघड-बंद करायला लावली तरी पोटॅशियम थोडं वाढतं, मूठ एकदा धरून ठेवायची, बस. बारीक सुईने जोरात ओढलं, किंवा ट्यूब खसाखसा हलवली की लाल पेशी फुटतात, पोटॅशियम पेशींच्या आतच जास्त असतं ते बाहेर येतं, सिरम, म्हणजे पेशी बाजूला केल्यावर वर उरतं ते पिवळसर पाणी, गुलाबी दिसतं, चांगली लॅब असं सॅम्पल परत पाठवते आणि पुन्हा बोलावते. पुन्हा बोलावलं तर चिडू नका, तो त्या लॅबचा चांगुलपणा आहे. माझी वहिनी केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, रक्त देताना हे सांगायचं असतं, तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं. आणि रिपोर्टखाली सही कोणाची आहे ते बघा, सुप्रीम कोर्टाने २०१७ च्या डिसेंबरमध्ये सांगितलंय की पॅथॉलॉजीत पोस्ट ग्रॅज्युएट असलेल्या रजिस्टर्ड डॉक्टरचीच सही चालेल.

आकडा अचानक विचित्र आला आणि माणूस समोर ठणठणीत असेल तर घाबरून घरी बसू नका, हॉस्पिटलला जाच, पण तिथल्या डॉक्टरांना जुना रिपोर्ट दाखवा आणि रक्त काढताना तुम्ही काय बघितलं ते सगळं सांगा, क्षुल्लक वाटलं तरी. मी दुपारी सव्वादोनला कॅज्युअल्टीत शिरताना ओतल्याचं सांगितलं असतं तर कदाचित इन्सुलिनच्या आधीच कोणीतरी थांबलं असतं. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

मार्क द्यायचे तर, मशीन आणि फोन यासाठी पाचपैकी चार, काउंटरच्या उत्तरासाठी शून्य, पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या खरेपणासाठी पाच, कॅज्युअल्टी ते लॅब या एका मजल्याच्या अंतरासाठी एक. त्या रेसिडेंट डॉक्टरला मार्क देण्याची माझी लायकी नाही. सगळं मिळून दोन दिले होते मी आधी. आता अडीच-तीनवर आलेय, त्याचं कारण खाली.

तीन महिने झाले तसे परवा परत गेलो. बहीण म्हणत होती दुसरीकडे जा, बाबा ऐकेनात, म्हणे चार वर्षांचे आकडे इथे आहेत. दोन खुर्च्यांवर माणसं होती, तिसरी रिकामीच. ट्यूबचा क्रम आता मराठीत आणि हिंदीत, रंगीत चित्रांसकट, काढणाऱ्याच्या डोळ्यासमोर लावलाय. हाक आडनावाने नाही, पूर्ण नावाने मारली, आणि खुर्चीत बसल्यावर परत नाव आणि जन्मतारीख विचारली, बाबांनी सन सांगताना नेहमीप्रमाणे सोबत वार पण सांगितला. स्टिकर समोर चिकटवले. डेल्टा चेक सगळ्या टेस्टना चालू केलाय असं मॅडमनी सांगितलं, ते मला बाहेरून कळायचा मार्ग नाही, पण रिपोर्ट एकऐवजी साडेतीनला आला.

खुर्चीवर तीच मुलगी होती. तिने आम्हाला ओळखलं, मी पण ओळखलं, कोणी काही बोललं नाही. पट्टा बांधला, नस चाचपली, टोचली. पिवळी ट्यूब आधी घेतली. ती पूर्ण भरली, आणि जांभळीत येता येता रक्त थांबलं, खुणेच्या बरंच खाली. तिने ट्यूब उजेडात धरून बघितली. मग माझ्याकडे नाही, बाबांकडे बघून म्हणाली, "काका, कमी पडलंय. परत टोचावं लागेल. चालेल का, की उद्या याल?"

बाबांनी दुसऱ्या हाताची बाही वर केली. "टोच बाळा," म्हणाले, "सावकाश टोच."